पाचवं शील

"पापा, आप पी के बैठे हो क्या?" एकता हसत म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिनेच जीभ चावली.

ही थट्टा आमच्या घरात कुणी करत नाही. तिला ते ठाऊक आहे, पण लग्नाच्या गडबडीत बोलून गेली बिचारी. लग्न आठ दिवसांवर आलं होतं. बैठकीत चटई टाकून हे तिच्याकडून वधूच्या प्रतिज्ञा म्हणवून घेत होते. आधी हे एक वाक्य म्हणणार, मग ती. पोरगी इथे रांझीत, हिंदी मुलखात वाढलेली. मराठी कळतं सगळं, बोलायला गेली की दोन शब्द मराठी आणि चार हिंदी. गोंदियाच्या सासरच्यांपुढे ती अडखळेल अशी मला धास्ती होती. आणि अडखळलं कोण, तर हे. 'प्रामाणिकपणे' म्हणताना जीभ अशी जड झाली, की गालात विडा धरून बोलताहेत असं वाटावं.

ह्यांनी सदऱ्याच्या खिशातून रिमोट काढला, दोनदा बटण दाबलं. थोड्या वेळाने जीभ मोकळी झाली आणि हातातला प्रतिज्ञांचा कागद फडफडायला लागला.

"कालपासून करंट वाढवून ठेवला ना तुम्ही?" मी विचारलं.

"हात तर थांबून राहिला ना," हे म्हणाले.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. काम काहीच नव्हतं. धुतलेल्या वाट्या पुन्हा धुतल्या.

हे म्हणजे नारायणराव सुखदेवे. चौतीस वर्षं संरक्षण कारखान्यात, पोलाद तापवायच्या भट्टीवर. आणि तितकीच वर्षं सुटीच्या दिवशी बौद्धाचार्य. आमच्याकडे लग्न लावायला भटजी नसतो. समाजातलाच कुणी संसारी माणूस शिकून तयार होतो, पांढरा सदरा घालून उभा राहतो, सगळ्यांना त्रिशरण-पंचशील देतो, नवरानवरीकडून प्रतिज्ञा म्हणवून घेतो. ह्यांनी रांझी, खमरिया, पार बरगीपर्यंत तीनशेच्या वर लग्नं लावली. पंचशील द्यायचं म्हणजे ह्यांनी एकेक शील म्हणायचं आणि अख्ख्या मांडवाने मागून म्हणायचं. पाचवं शील दारू न पिण्याचं. तिथे ह्यांचा आवाज नेहमी थोडा चढायचा, आणि मांडवातले निम्मे पुरुष खाली बघायचे.

आणि नेमका ह्यांचाच हात कापायचा. पंचेचाळिशीत सुरू झालं. हात मांडीवर ठेवला की शांत. कप उचलला की चहा बशीत आणि बशीतून सदऱ्यावर. कारखान्यात फोरमनने एकदा सगळ्यांदेखत ह्यांच्या तोंडाचा वास घेतला. हे घरी येऊन एक अक्षर बोलले नाहीत. मला सांगितलं मोहनभैयांनी, ह्यांच्याच भट्टीवरचे जोडीदार ते. समाजात तर विचारूच नका. दुसऱ्याला शील देतो आणि स्वतःचा हात बघा, म्हणायचे. एका बाईने मला तोंडावर विचारलं, काहो लताबाई, साहेब घरीच घेतात का? तिला मी काय ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही. तीस वर्षं प्राथमिक शाळेत पोरांना शिकवलेली बाई मी, तोंड आहे मला.

नागपूरच्या डॉक्टर समिधा मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, दारू घेतली की कंप कमी होतो का? ह्या आजारात पुष्कळांचा हात एखाद्या पेगने तास-दोन तास थांबतो म्हणे, त्यावरूनही आजार ओळखायला मदत होते. हे म्हणाले, "मला कसं माहीत असणार मॅडम?" बाईंनी मान वर करून ह्यांच्याकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. माझ्या मात्र ते डोक्यातच बसलं. ज्याचा आळ आला तेच औषध निघावं! असली कसली ही चेष्टा, मला अजून समजलेली नाही.

औषधांनी भागेना तेव्हा साठाव्या वर्षी ऑपरेशन केलं. मेंदूत खोलवर दोन बारीक तारा, तिथून कातडीखालून खाली आलेली वायर, आणि गळ्याच्या हाडाखाली काड्यापेटीएवढी बॅटरी. गंमत अशी, की बॅटरी सुरू करायच्या आधीच हात थांबला. ह्यांनी काठोकाठ भरलेला पेला एका हाताने उचलून मला दाखवला आणि मी दवाखान्यात सगळ्यांपुढे रडले. मॅडम म्हणाल्या, इतक्यात खूश होऊ नका. तारा घातल्याने आत सूज आलीय, सध्या तिनेच हात थांबलाय, सूज उतरली की पुन्हा सुरू होईल. तसंच झालं. तीन आठवड्यांत चहा परत बशीत. मग बॅटरी सुरू केली, आणि तेव्हा मात्र हात खरोखर थांबला. पाच वर्षं थांबला. लोकांची तोंडंही थांबली.

निघताना मॅडमनी बजावलं होतं, रोज झोपताना यंत्र बंद करायचं आणि सकाळी सुरू करायचं, नाहीतर मेंदूला करंटची सवय होईल. बंद करायचं काम माझ्याकडे दिलं. पहिल्याच दिवशी मी बटण दाबलं, ह्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि सगळं पाणी गादीवर. माझ्याने बघवेना. मी लगेच सुरू केलं. म्हटलं, बंद केलं आणि परत लागलंच नाही तर? ह्यांनाही तेच हवं होतं. म्हणाले, भट्टी कधी बंद करत नाहीत लता, थंड झाली की आतल्या विटा तडकतात, आम्ही दिवाळीलाही विझू दिली नाही. झालं. भट्टीवाल्याने सांगितलं आणि मास्तरणीने ऐकलं. सहा वर्षांत ते यंत्र एक दिवस बंद झालं नाही.

गेल्या वर्षभरात हात पुन्हा हलायला लागला होता. हे थोडाथोडा करंट वाढवत गेले, आणि जेवढा वाढवायची परवानगी होती तेवढा वाढवून झाला तेव्हा जीभ जड झाली.

एकता तसं बोलून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मोबाइलवर मॅडमना गाठलं, तोंड दिसेल असं. त्यांनी ह्यांना कागदावर गोल काढायला सांगितले, हात पुढे धरायला सांगितला, दोन वाक्यं म्हणायला लावली. मग शांतपणे समजावून सांगितलं.

मेंदूला ती तार परकी वाटते, त्या म्हणाल्या. आधी सूज येते, ती उतरते. मग आतल्या पेशी तारेभोवती जमतात आणि पातळसं वेष्टण तयार करतात, जखमेवर व्रण धरतो तसं. ते काही महिन्यांत बसून जातं, करंट थोडा वाढवला की भागतं. पण ह्यांच्यासारख्या कंपात पुढे आणखी एक होतं. मेंदू हळूहळू त्या करंटलाच सरावतो. मग तो वाढवावा लागतो, आणि वाढवला की तो आजूबाजूला पसरतो आणि जिभेच्या वाटेवर जातो.

"तापलेल्या पोलादावर पापुद्रा चढते, तसं काहीतरी," हे म्हणाले.

"साधारण तसंच काका. रात्री बंद ठेवता ना?"

हे मग भट्टीचं सांगायला लागले, विटांचं, दिवाळीचं. सगळं स्वतःवर ओढून घेत होते. मला ते सहन होईना. मी मोबाइल माझ्याकडे वळवला.

"मॅडम, बंद करायचं काम माझं होतं. मी नाही केलं."

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, बंद ठेवूनही काही लोकांना असं होतं, त्यामुळे तुमच्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. लग्न झालं की नागपूरला या, काही दिवस पूर्ण बंद ठेवून बघू, मग नव्याने सेटिंग करू. ते दिवस जड जातील, हात आधीपेक्षा जास्त हलेल, तयारीने या. आणि लग्नाच्या दिवसाचं काय, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "त्या दिवसापुरतं तुम्हीच ठरवा काका. हात हवा की आवाज."

दोन्हीपैकी काहीही ठरवलं तरी गत एकच होती. करंट वाढवला तर जीभ जड, म्हणजे माणूस प्यालेला. कमी केला तर हात कापणार, म्हणजेही प्यालेलाच. आमच्या रांझीच्या लोकांना निदान ऑपरेशन माहीत होतं. गोंदियाची दीडशे माणसं येणार होती, त्यांना तारा माहीत नाहीत की बॅटरी माहीत नाही. त्यांच्यापुढे उभं राहून, स्वतःच्या मुलीच्या लग्नात, ह्यांना पाचवं शील द्यायचं होतं. मुलीला जन्मभर तिकडे राहायचं होतं. बेवड्याची पोर म्हणून कुणी एकदा म्हटलं की ते पुसलं जात नाही.

विहाराचे सेक्रेटरी अश्वजीत घरी आले. चांगला माणूस, ह्यांनीच शिकवून तयार केलेला. जय भीम करून बसले आणि हळूच म्हणाले, मी लावतो लग्न, तुम्ही बापासारखे पुढे खुर्चीवर बसा. मी लगेच हो म्हटलं. चहा ठेवायलाही उठले. मला वाटलं, सुटलो.

"एकताचं लग्न मी लावीन," हे म्हणाले. "ती झाली त्या दिवशी मी बरगीला दुसऱ्याच्या पोरीचं लग्न लावून राहिलो होतो. दुपारी दवाखान्यात आलो, तिला हातात घेतलं, अन् तेव्हाच म्हटलं तिला, तुझं मीच लावीन."

अश्वजीतांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा न ठेवताच परत आले.

"मग लावा," मी म्हटलं. "लोकं हसतील तर हसू द्या. पोरीचं काय व्हायचं ते होवो."

बोलले आणि पस्तावले. पण हे रागावले नाहीत, आणि ऐकलंही नाही.

पुढचे दिवस मला आठवतात ते नुसते फिरण्याचे. बड्या फुहाऱ्याच्या बाजारात पांढरी साडी आणायला गेले आणि साडी दुकानातच विसरून आले. ह्या खोलीतून त्या खोलीत जायचे आणि कशाला आले ते आठवायचं नाही. हे खिडकीशी बसून रिमोटवर एक बटण वर, एक बटण खाली करत राहायचे. जीभही चालेल आणि हातही थांबेल अशी मधली जागा शोधत होते. भट्टीचं तापमान असंच जुळवायचे म्हणे, पाच-दहा डिग्री इकडे नाही की तिकडे नाही. प्रत्येक वेळी बटण दाबलं की एक ओळ म्हणायचे आणि एक ओळ लिहायचे. संध्याकाळपर्यंत वही भरायची. ओळी वाचून मी सांगू शकत होते कुठे जीभ ठीक होती ते. जिथे अक्षर वेडंवाकडं तिथे.

मोहनभैया मंडपवाल्याचं नक्की करून सांगायला आले होते. दोन्ही मित्र तासभर बसले. जाताना भैयांनी मला फाटकाशी थांबवलं आणि आवाज खाली करून म्हणाले, "भाभीजी, बुरा मत मानना। सुबह आधा पेग ब्रांडी, बस। दो घंटे हाथ नहीं हिलेगा, जुबान भी साफ रहेगी। मेरे चाचा का यही था।"

मी त्यांना फाटकातच झाडलं. लाज वाटत नाही का, म्हटलं, कोणाच्या दारात उभे राहून काय बोलताय. ते बिचारे हात जोडून गेले. आणि दुसऱ्या दिवशी मीच त्यांना फोन केला.

बाटली लहानशी होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. आमच्या घरात ही वस्तू कधी आलेली नाही, माझ्या माहेरीही नाही. मी ती रव्याच्या डब्यामागे ठेवली. दिवसातून चार वेळा डबा सरकवून बघायचे, आहे ना. कुठे जाणार होती ती! कढईत चमचा पडला तरी दचकायचे. ह्यांना विचारलं असतं तर हे नाहीच म्हणाले असते, म्हणून विचारायचंच नाही असं मी ठरवलं. मनाशी म्हटलं, सहा वर्षं ऐकायचं ते ऐकलं नाहीस, तुझ्यामुळे हा दिवस आला, आता हे तरी कर. आणि औषधच तर आहे. खोकल्याच्या औषधात नसते का?

लग्न सकाळी अकराचं. मे महिना, समाजभवनाचा पत्रा नऊलाच तापला होता. स्टेजमागच्या खोलीत हे एकटे बसले होते, पांढरा सदरा, पांढरं धोतर. रिमोट शेजारी ठेवला होता. करंट खाली आणला होता, ते मला दारातूनच कळलं, कारण स्वतःशीच हळू आवाजात शील म्हणत होते आणि एकेक शब्द स्वच्छ ऐकू येत होता. मांडीवर हात शांत होते. मी स्टीलच्या पेल्यात पन्हं नेलं होतं. वेलदोडा जरा जास्त, साखर जास्त, आणि दोन मोठे चमचे ते.

"ऊन फार आहे, घ्या," मी म्हटलं.

ह्यांनी दोन्ही हातांनी पेला धरला. पेला हलायला लागला. तोंडाशी नेता नेता थोडं सदऱ्यावर सांडलं आणि मी पदराने पुसलं. ह्यांनी वास घेतला नाही, पेल्यात बघितलंही नाही. चाळीस वर्षं मी दिलेलं हे न बघताच खात आले होते. पेल्याची कड ओठाला लागली.

"पिऊ नका," मी म्हटलं.

हे थांबले. माझ्याकडे बघितलं, मग पेल्याकडे. मग नाकाशी नेला. खाली ठेवताना अर्धं पन्हं फरशीवर गेलं.

"मोहननं आणलं?"

मी मान हलवली. आता हे काय बोलतील, त्याची वाट बघत उभी राहिले. बाहेर पाहुणे यायला लागले होते, लाउडस्पीकरवर कुणीतरी खुर्च्या सरकवायला सांगत होतं.

"कारखान्याच्या वाटेवर दुकान होतं लता," हे म्हणाले. "पंधरा वर्षं रोज त्याच्यासमोरून सायकल घेऊन आलो. मॅडमले म्हटलं मी, मला कसं माहीत असणार. माहीत होतं मले. मोहननं कधीचंच सांगितलं होतं. रोज वाटायचं, दोन घोट घेऊ, कोणाले समजते."

मला हे चाळीस वर्षांत पहिल्यांदा कळत होतं.

"मग काहून नाही घेतलं?"

"रविवारी शील द्यायचं असे ना," हे म्हणाले, आणि रिमोट खिशात टाकून उठले. "चल. वेळ झाली."

हे पुढे गेले. मी पेला मोरीत ओतला, तीनदा घासला, फरशी पुसली. हाताचा वास जाईना. साबण लावला, तरी जाईना. मग मीही जाऊन पहिल्या रांगेत बसले, विहिणीच्या शेजारी.

स्टेजवर बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, फुलं. एकता आणि जावई पांढऱ्या कपड्यांत हात जोडून उभे. हे माइकपुढे आले, खिशातून कागद काढला आणि तो फडफडायला लागला. माइकमधून त्याचा आवाज सगळ्या भवनात गेला. ह्यांनी कागद घडी करून परत खिशात ठेवला. तोंडपाठच होतं सगळं. पण हात जोडले तर जोडलेले हातही हलत होते, आणि ते लपवायची काही सोय नव्हती. विहीणबाईंनी मान वाकडी करून पाहिलं. त्यांच्या पलीकडच्या एका गृहस्थाने शेजाऱ्याला कोपर मारून अंगठा ओठाकडे नेला. मी बघितलं. एकतानेही बघितलं असेल.

हे सुरू झाले. आवाज तसाच, पूर्वीचा, स्वच्छ. त्रिशरण झालं. मग एकेक शील. हे म्हणणार आणि तीनशे-साडेतीनशे माणसं मागून. पहिलं झालं. दुसरं. माझे ओठ आपोआप चालत होते, लहानपणापासूनची सवय. तिसरं, चौथं. मग पाचवं आलं, ह्यांचा आवाज चढला, भवनाने मागून म्हटलं, आणि माझं तोंड उघडलं नाही. तासाभरापूर्वी ह्याच हाताने चमचे मोजले होते. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले.

आता प्रतिज्ञा यायच्या. पण स्टेजवरून काहीच ऐकू आलं नाही. मी मान वर केली. हे माझ्याकडे बघत होते.

मग ह्यांनी पाचवं शील पुन्हा म्हटलं.

लोक गोंधळले. काहींनी पुन्हा मागून म्हटलं, काही नुसते एकमेकांकडे बघत राहिले. बाजूला उभ्या अश्वजीतांनी हातानेच खूण केली, झालं, झालं. मागून कुणीतरी म्हणालं, "बाबा भूल गए।" तो अंगठावाला गृहस्थ उघड हसला. तीनशे लग्नं लावलेल्या माणसाची स्वतःच्या मुलीच्या लग्नात चूक झाली, असंच सगळ्यांना वाटलं, आणि ह्यांनी ते वाटू दिलं. हे तसेच उभे राहिले, थरथरते हात जोडून, कुणाकडे न बघता, फक्त माझ्याकडे बघत.

मी उठून उभी राहिले आणि म्हटलं. पाचवं शील, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, मोठ्याने, एकटीने.

ह्यांनी मान हलवली, आणि एकताकडे वळून म्हणाले, "आता तू म्हण बेटा, माझ्या मागून."